मज्जेत चरबी भरली म्हणजे दोष बियाण्याचा का वावराचा? (अ‍ॅप्लास्टिक अ‍ॅनिमिया)

पऱ्हाटीबहाद्दर
नमस्कार मंडळी. एरवी आपण इथं कापसाच्या भावावर भांडाले येतो पण आज इषय वेगळा आहे. माह्या बहिणीचा पोरगा, वय १९, दारव्हा तालुक्यात राह्यते, त्याले अ‍ॅप्लास्टिक अ‍ॅनिमिया निघाला. ब्रश करतानी हिरड्यातून रक्त, पायावर बारीक लाल ठिपके, आमाले वाटलं डेंगू असन. तालुक्याच्या डॉक्टरनं प्लेटलेट पाहून सरळ नागपूरले धाडलं, तिथं कमरेच्या हाडातून मज्जा काढली. रिपोर्टात लिहून आहे की मॅरो हायपोसेल्युलर, पेशी ५ ते १० टक्के, बाकी फॅट स्पेसेस. तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट तिन्ही खाली.

आता घरी असं झालं की बहिणीनं पोराचं तूप-तेल बंद केलं. म्हणे हाडात चरबी भरली न मंग तूप कायले द्यायचं. राउंडवरचा एक तरुण डॉक्टर घाईघाईत म्हणे की "मज्जेचं वातावरणच बिघडलेलं असतं यात" न निघून गेला. तवापासून माह्या डोक्यात एकच आहे. उगवण नाही झाली तर आपण पह्यले काय पाहतो, बियाणं बोगस होतं का वावरच खराब होतं. इथं काय आहे? कारण मोठे डॉक्टर म्हणतात त्याच्या सख्ख्या भावंडाची मज्जा टाकू. वावरच खराब असन तर नवं बियाणं टाकून उगवन का? जाणकारांनी सांगा, पण आमाले समजन असं सांगा.

तर्रीवाला
भाऊ, पह्यले पोराचं तूप चालू करा. बाकीचं जाणकार सांगतीन.

आजीचाबटवा
बीट, डाळिंब, पपईच्या पानांचा रस आणि गुळवेलीचा काढा रोज सकाळी अनशापोटी. आमच्या शेजारच्याच्या प्लेटलेट चार दिवसांत वाढल्या होत्या. हाडातून पाणी काढू देऊ नका, मणक्याला धोका असतो.

स्लाइडवाली
पऱ्हाटीबहाद्दर, मी वर्ध्याकडची, पॅथॉलॉजी. अशा स्लाइड रोज नाही पण वर्षात अधूनमधून बघते. तुमच्या भाच्याबद्दल वाचून वाईट वाटलं, पण प्रश्न तुम्ही नेमका विचारलाय.

आधी तूप. मज्जेतली चरबी ताटातून येत नाही. प्रत्येकाच्या हाडात थोडी चरबी असतेच आणि वयानुसार ती वाढते, म्हाताऱ्या माणसाच्या कमरेच्या हाडात निम्म्याहून जास्त चरबी दिसली तरी आम्हाला नवल वाटत नाही. १९ वर्षांच्या मुलात मात्र ७०-८० टक्के जागा रक्त तयार करणाऱ्या पेशींनी भरलेली हवी. त्याच्याकडे ५-१० टक्के उरली, आणि रिकाम्या झालेल्या जागेत चरबीच्या पेशी पसरल्या. स्लाइडवर पांढरे पांढरे गोल दिसतात, मधे कुठेतरी चार लिम्फोसाइट आणि प्लाझ्मा सेल (दोन्ही पांढऱ्या पेशींच्याच जाती). पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं हे चरबीचंच दुखणं आहे. तसं नाही. बहिणीला सांगा घरचं ताजं शिजवलेलं तूप-वरण-भात खुशाल द्या.

आजीचाबटवा, दोन गोष्टी. तुमच्या शेजाऱ्यांना बहुतेक डेंगू असावा, त्यात प्लेटलेट आपल्या आपण वर येतात, पान खा नाहीतर नका खाऊ. ह्या मुलाच्या पांढऱ्या पेशी कमी आहेत, त्याला कच्चा रस म्हणजे जंतूंना आमंत्रण. गुळवेल तर अजिबात नको, कोविडच्या काळात गुळवेलीच्या काढ्याने लिव्हरला इजा झाल्याच्या केसेस मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवल्या आहेत, आणि ज्या आजारात प्रतिकारशक्तीच उलटलेली असते तिथे ती वाढवायची कशाला? आणि मज्जा मणक्यातून काढत नाहीत, कमरेच्या मागच्या हाडातून काढतात. मणक्यातलं पाणी ही वेगळी तपासणी.

रिकामटेकडा
सगळे मूळ मुद्दा टाळून राह्यले. फवारणी. २०१७ ला यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करता करता किती माणसं गेली विसरले का सगळे? पोरगा शेतकऱ्याचा आहे. मज्जेचं वातावरण कोण बिघडवलं ते लिहा ना.

वैनगंगाकाठ
आमच्या गडचिरोलीकडे अ‍ॅनिमिया म्हटलं की लोकांना सिकलसेलच वाटतो, माझ्या मावशीच्या मुलीला सिकलसेल आहे तर गावात तिला आणि अ‍ॅप्लास्टिकवाल्या एका बाईला एकच गोळी चालेल असं एका बुवानं सांगितलं होतं. सिकलसेल जन्मतः, तिथं तांबड्या पेशींचा आकार बिघडतो, मज्जा तर उलट जास्तच काम करत असते. हे वेगळं. पऱ्हाटीभाऊ, कुणी सोल्युबिलिटी टेस्ट करून सिकल नाही म्हणून घरी पाठवत असेल तर ऐकू नका.

पऱ्हाटीबहाद्दर
सिकलसेल नाही निघाला. बी१२ पण पाह्यलं, बरोबर आहे म्हणे. स्लाइडवालीताई, तूप चालू केलं. बहीण रडली पण दिलं तिनं.
पण ताई तुमच्या सांगण्यानं तर वाटते की चरबी नंतर आली. मंग पह्यले काय झालं? बियाणं कोणी खाल्लं?

उंदीरमामा
मी मूळ अकोटचा, सध्या पुण्यात एका लॅबमध्ये उंदीर सांभाळतो (नावावरून कळलंच असेल). भाऊ, तुम्ही बियाणं आणि वावर म्हणता ना, शास्त्रज्ञ पण हेच म्हणतात, गंमत नाही करत. १९७८ साली रे स्कोफील्ड यांनी मांडलं की रक्ताच्या मूळपेशी म्हणजे स्टेम सेल मज्जेत कुठेही पडलेल्या नसतात, त्यांना ठराविक ठिकाणी ठराविक शेजारी लागतो, त्याला ते निश म्हणाले. शेजारी म्हणजे रक्तवाहिन्यांच्या भोवतीच्या आधारपेशी, हाड बनवणाऱ्या पेशी, चरबीच्या पेशी, वाहिन्यांचं अस्तर. हे सगळे मिळून एससीएफ, सीएक्ससीएल१२ अशी प्रथिनं सोडतात आणि त्यावर मूळपेशी तग धरतात.

आता उंदरांच्या दोन जाती ऐका, तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यात आहे. एक डब्ल्यू, दुसरी स्टील. दोघांनाही अ‍ॅनिमिया. डब्ल्यूच्या मूळपेशींवरचा किट नावाचा रिसेप्टर (बाहेरचा निरोप घेणारा भाग) खराब, म्हणजे बियाण्यात दोष. स्टीलची मूळपेशी चांगली पण आजूबाजूच्या पेशी त्या रिसेप्टरला लागणारं एससीएफ नीट बनवत नाहीत, म्हणजे वावरात दोष. निरोगी उंदराची मज्जा डब्ल्यूत टाकली की तो बरा होतो. स्टीलमध्ये टाकली तर होत नाही. आणि स्टीलची मज्जा काढून डब्ल्यूत टाकली तर डब्ल्यू बरा होतो! उंदरात हे इतकं स्वच्छ दिसतं.

माणसाच्या अ‍ॅप्लास्टिकमध्ये जुळणाऱ्या भावाबहिणीची मज्जा टाकली की बहुतेकांत उगवते. म्हणजे आपला पेशंट स्टीलसारखा वागत नाही. वावर इतकं खराब नाही की पीकच येणार नाही.

फळाखडू
शंका आहे. बारावीला जीवशास्त्र शिकवतो म्हणून विचारतो. मज्जा टाकली तेव्हा दात्याच्या आधारपेशी पण सोबत गेल्या असतील ना? मग वावरच नवीन झालं. तुमचा युक्तिवाद पडतो.

उंदीरमामा
गुरुजी, शंका चांगली. हे लोकांनी तपासलंय. ट्रान्सप्लांट नंतर रक्तपेशी दात्याच्या होतात, पण आधारपेशी तपासल्या तर बहुतांश पेशंटच्या स्वतःच्याच राहतात. म्हणजे जुन्याच वावरात नवं बियाणं उगवलं. युक्तिवाद उभाच आहे.

दुसराजन्म
मी बोलू का इथे, कारण ते वावर मीच आहे.
अमरावती जिल्ह्यातला, कॉलेजात असताना अ‍ॅप्लास्टिक झाला, धाकट्या बहिणीची मज्जा मुंबईला घेतली. माझा ब्लड ग्रुप बी होता, आता ओ आहे, कारण बहीण ओ. अजून कुणी फॉर्म भरायला दिला की घरचे विचारतात कोणता लिहायचा. सगळं रक्त तिचं, रिपोर्टला पूर्ण डोनर येतं. हाडं, चामडी, स्वभाव माझाच (स्वभाव बदलला असता तर बरं झालं असतं असं बायको म्हणते).

पऱ्हाटीभाऊ, एक फार महत्त्वाचं, जे आम्हाला पहिल्या दवाखान्यात कुणीच सांगितलं नाही. ट्रान्सप्लांटचा विचार असेल तर घरच्या रक्ताच्या नात्यातल्या कुणाचंही रक्त किंवा प्लेटलेट त्याला देऊ नका. मामा म्हणून तुम्हीच आधी रांगेत उभे राहाल, मला माहीत आहे. माझ्या काकांचं, वडिलांचं सगळ्यांचं दिलं गेलं होतं. मुंबईच्या डॉक्टरांनी पहिल्या दिवशी कपाळाला हात लावला.

स्लाइडवाली
दुसराजन्म यांना दुजोरा. नात्यातल्या रक्तामुळे पेशंटचं शरीर त्या घरातल्या खुणा आधीच ओळखून बसतं आणि नंतर मज्जा नाकारण्याची शक्यता वाढते. बाहेरच्या दात्यांचं द्या, तेही पांढऱ्या पेशी गाळलेलं आणि इरॅडिएट केलेलं (किरणं दिलेलं) मिळालं तर उत्तम.

पऱ्हाटीबहाद्दर
अरे बाप्पा. मी उद्याच जाणार होतो रक्त द्यायले. थांबवलं.

तर्रीवाला
म्हणजे मामाचं रक्त चालत नाही, मामाचा पैसा चालते. विदर्भातले सगळे भाचे खुश.

स्लाइडवाली
आता मूळ प्रश्न, "पहिले काय झालं". बहुतेक पेशंटांत स्वतःच्याच टी-लिम्फोसाइट मूळपेशींवर उलटतात. त्या इंटरफेरॉन-गॅमा, टीएनएफ अशी रसायनं सोडतात, त्यात मूळपेशी मरतात नाहीतर वाढायच्या थांबतात. हे कळलं कसं तेही सांगते, कारण गोष्ट मजेशीर आहे. १९७० च्या सुमारास पॅरिसचे डॉ. जॉर्ज माते दुसऱ्याची मज्जा टाकण्याआधी पेशंटांना लिम्फोसाइट मारणारं सीरम देत होते. टाकलेली मज्जा काही जणांत टिकली नाही, तरीही त्यांची स्वतःची मज्जा परत सुरू झाली! म्हणजे बियाणं थोडं शिल्लक होतं, खाणारे हटवल्यावर उगवलं. त्याच वाटेनं आजचं एटीजी, म्हणजे लिम्फोसाइट मारणारं औषध, आलं.

दुसरा पुरावा जुळ्यांचा. एकसारख्या जुळ्या भावाची मज्जा कोणतंही तयारीचं औषध न देता तशीच टाकली तर बऱ्याच जणांत ती टिकत नाही. बियाणं अगदी हुबेहूब, तरी गेलं. तयारीची औषधं देऊन परत टाकलं की टिकतं. आणि तिसरं, ह्या पेशंटांच्या रक्तात एरिथ्रोपोएटिन, थ्रोम्बोपोएटिन ही वाढीची द्रव्यं कमी नसतात, उलट भरपूर वाढलेली असतात. शरीर ओरडून ओरडून मागतंय, पेरायला बियाणंच उरलेलं नाही.

पऱ्हाटीबहाद्दर
आता समजलं ताई. बियाणं बरोबर, वावर बरोबर, रात्री रोही न डुकरं घुसले न कोंब खाऊन गेले. न आपण सकाळी उठून वावरातलं तण पाहून म्हणतो तणानं पीक खाल्लं. चरबी म्हणजे ते तण.

तर्रीवाला
हे लिहून ठेवा कोणीतरी, पाठ्यपुस्तकात घ्या.

उंदीरमामा
भाऊ तुम्ही लॅबमध्ये या, जागा रिकामी आहे. पण इतकं सोपं करून नका ठेवू, दोन ठिकाणी मी भांडणार.

एक, रोही घुसले की वावरही तुडवलं जातं. अ‍ॅप्लास्टिक पेशंटांच्या आधारपेशी काढून वाढवून पाहिल्या तर काही अभ्यासांत त्या कमी निघाल्या, हळू वाढल्या, हाड बनवण्याऐवजी चरबी बनवण्याकडे जास्त झुकल्या. बारीक रक्तवाहिन्याही विरळ दिसल्या. दुसऱ्या अभ्यासांत मात्र ह्याच आधारपेशी जवळपास नॉर्मल निघाल्या. ह्यावर अजून एकमत नाही. आणि ही बिघाडी आधीची की टी-सेलच्या हल्ल्यानंतरची, हेही भांडण चालू आहे. म्हणजे तुमचा राउंडवाला डॉक्टर अगदीच चूक नव्हता, फक्त अर्धं वाक्य बोलून पळाला.

दोन, चरबी म्हणजे निव्वळ तण हे पण धोक्याचं. २००९ साली बोस्टनच्या एका गटाने उंदरात दाखवलं की मज्जेतली चरबी रक्त बनण्याला अडवते, चरबी नसलेल्या उंदरांत रेडिएशननंतर मज्जा लवकर सावरली. लोक खुश झाले की चला, चरबी हटवा. मग २०१७ ला डॅलसच्या गटाने दाखवलं की काही हाडांत त्याच चरबीच्या पेशी एससीएफ सोडून मज्जेला सावरायला मदत करतात. म्हणजे तेच तण उपटलं तर नुकसान पण होऊ शकतं. आंतरपीक म्हणा हवं तर.

फळाखडू
मान्य. पण मग "वातावरण" या शब्दात टी-सेल आणि त्यांची रसायनं पण धरली पाहिजेत की. इंटरफेरॉन मज्जेतच सुटतो ना. मला वाटतं स्लाइडवालीताई आणि उंदीरमामा एकाच गोष्टीला दोन टोकांनी धरून बसलेत.

स्लाइडवाली
गुरुजी, हे चालेल मला. खरं तर एक छान दुवा आहे. थ्रोम्बोपोएटिन भरपूर असून उपयोग का होत नाही ह्याचं एक कारण असं सापडलं की इंटरफेरॉन-गॅमा त्याला चिकटून बसतो आणि रिसेप्टरला नीट लागू देत नाही. एल्ट्रोम्बोपॅग नावाची गोळी त्याच रिसेप्टरला दुसऱ्या जागेवरून चालू करते, म्हणून तिला हा अडथळा येत नाही. ती आता एटीजी आणि सायक्लोस्पोरिन (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) यांच्या जोडीला देतात.

रिकामटेकडा
माझा प्रश्न अजून तसाच. औषध फवारणीचं काय.

स्लाइडवाली
टाळलं नव्हतं, राहिलं होतं. २०१७ चं यवतमाळ म्हणजे तीव्र विषबाधा, श्वास, डोळे, मेंदू, काही तासांत-दिवसांत. मज्जा हळूहळू रिकामी होणं हे वेगळं प्रकरण. पण कीटकनाशकांचा संबंध नाहीच असंही मी म्हणणार नाही. बेंझीन आणि क्लोरॅम्फेनिकॉल ह्यांचा संबंध तर जुना, सर्वमान्य. थायलंडमध्ये मोठा अभ्यास झाला, त्यात शेतीतल्या काही कीटकनाशकांशी संबंध दिसला, पण एकूण केसेसपैकी थोड्याच त्यानं समजावता आल्या. आशियात हा आजार युरोपच्या दोन-तीन पट आढळतो (युरोपात दर दहा लाखांत वर्षाला साधारण २) आणि त्याचं पूर्ण कारण कुणाच्या हातात नाही. बहुतेक पेशंटांत कारण सापडतच नाही. म्हणून वडिलांनी स्वतःला दोष देत बसू नये. हातमोजे, मास्क मात्र फवारणीला घालाच, त्यासाठी अ‍ॅप्लास्टिकची वाट बघायची गरज नाही.

रिकामटेकडा
ठीक. उत्तर पटलं असं नाही, पण उत्तर दिलं.

मंदगाडी
मी दुसऱ्या वाटेचा पेशंट, बुलडाणा. बहीणभाऊ जुळले नाहीत (प्रत्येक सख्ख्या भावंडाची जुळायची शक्यता चारात एक असते), म्हणून एटीजी घेतलं. चार दिवस सलाईनमधून, थंडी वाजून ताप, अंगावर पुरळ, नर्स सारखी बीपी बघायची. मग सायक्लोस्पोरिन. त्यानं माझ्या हिरड्या फुगल्या, हातावर केस आले, क्रिएटिनिन (किडनीचा आकडा) वर गेलं की डोस कमी करायचे. आणि लगेच काही होत नाही हं, तीन ते सहा महिने आकडे हलतच नाहीत, गावातले लोक येऊन विचारतात अजून बरा नाही झाला का. मग एक दिवस रेटिक (नव्या तांबड्या पेशींचा आकडा) वाढला, डॉक्टर माझ्यापेक्षा जास्त खुश.
ते एटीजी घोड्यापासून बनवतात. सशाचं पण येतं. २०११ चा अमेरिकेतला अभ्यास आहे, सहा महिन्यांनी घोड्याच्या एटीजीला ६८ टक्के पेशंटांनी प्रतिसाद दिला, सशाच्याला ३७. विचारून घ्या कोणतं देणार.

तर्रीवाला
आता घोडा पण आला. उंदीर, रोही, डुक्कर, ससा, घोडा. धागा आहे का शंकरपट.

वैनगंगाकाठ
शंकरपटात बैल असतात हो.

तर्रीवाला
बैल म्हणजे धागाकर्ता, ओढून राह्यला ना सगळ्यांले.

उंदीरमामा
😂 एक गंभीर भर घालतो. काही पेशंटांत, विशेषतः लहान वयात, बियाणंच जन्मतः बोगस असतं. फँकोनी अ‍ॅनिमिया, टेलोमेरचे (क्रोमोझोमच्या टोकांचे) आजार वगैरे. तिथं एटीजी देऊन उपयोग होत नाही, ट्रान्सप्लांटची तयारीची औषधं पण कमी डोसात द्यावी लागतात. आणि घरातल्याच भावंडाला तोच दोष लपून असू शकतो, म्हणजे दाताच चुकीचा. १९ व्या वर्षी फँकोनीची तपासणी (क्रोमोझोम ब्रेकेज) झालीय का ते विचारा. पीएनएच (तांबड्या पेशी फुटण्याचा एक आजार) साठीची फ्लोसायटोमेट्री पण.

पऱ्हाटीबहाद्दर
फाइल पाह्यली. पीएनएच केलं आहे, थोडा क्लोन (तो दोष असलेल्या पेशींचा गट) आहे म्हणे. ब्रेकेजचं सँपल गेलं आहे, रिपोर्ट यायचा आहे. न्यूट्रोफिल ३५०, प्लेटलेट ११ हजार. दोन बहिणी आहेत त्याले, दोघींचं एचएलए (मज्जा जुळते का ते पाहाची तपासणी) पाठवलं. धाकटी ११ वर्षाची आहे, इतकी लहान पोरगी मज्जा देऊ शकते का? बहिणीले हेच भेव आहे की पोरीले काई होईन.

स्लाइडवाली
न्यूट्रोफिल ५०० च्या खाली, प्लेटलेट २० हजाराच्या खाली, म्हणजे सिव्हिअर गटात धरतात. ह्या वयात जुळणारं भावंड मिळालं तर ट्रान्सप्लांट आधी, एटीजी नंतर, असंच बहुतेक ठिकाणी ठरवतात. पीएनएचचा छोटा क्लोन जवळपास निम्म्या पेशंटांत दिसतो, घाबरू नका, उलट तो असला की प्रतिकारशक्तीचा हल्लाच आहे ह्याला दुजोरा मिळतो.
११ वर्षांची मुलगी देऊ शकते. भूल देऊन कमरेच्या हाडातून घेतात, वजनाप्रमाणे मोजून, काही दिवस कंबर दुखते. तिची मज्जा काही आठवड्यांत परत भरून येते. आईला डोनरच्या डॉक्टरशी स्वतंत्र बोलू द्या, पेशंटच्या डॉक्टरशी नाही.

दुसराजन्म
आणि रेल्वे. अ‍ॅप्लास्टिकच्या पेशंटला उपचाराला जाताना स्लीपर, थर्ड एसीला ५० टक्के सवलत आहे, दवाखान्याकडून छापील फॉर्म भरून घ्यायचा, स्टेशनच्या आरक्षण खिडकीवर द्यायचा. आम्हाला हे दोन वर्षांनी कळलं. मास्क लावून न्या, जनरल डब्यात अजिबात नको. महात्मा फुले योजनेचं आरोग्यमित्राच्या टेबलावर आणि मुख्यमंत्री सहायता निधीचं, दोन्ही एकाच वेळी चालू करा, एकाची वाट बघत दुसरं थांबवू नका.

पऱ्हाटीबहाद्दर
फॉर्मचं उद्याच पाहतो. सध्या प्लेटलेटले बाहेरचे दाते पाह्यजे, नागपूरले, एसडीपी (एकाच दात्याच्या मशीनवर काढलेल्या प्लेटलेट). घरचे तर बाद झाले आता.

तर्रीवाला
मी ओ पॉझिटिव्ह, वजन ८२, नागपूरलेच राह्यतो. नात्यात नाही, आणि होऊ पण देऊ नका. कवा येऊ सांगा.

स्लाइडवाली
आधी प्लेटलेट काउंट तपासतील, दीड लाखाच्या वर हवा. तीन दिवसांत अ‍ॅस्पिरिन घेतलेली नसावी.

तर्रीवाला
नाही घेतली. आता पुढचा प्रश्न विचारू नका म्हणजे झालं.

स्लाइडवाली
विचारणारच. आदल्या दिवशीही नको.

तर्रीवाला
मंग रविवार नका ठेवू, मंगळवार ठेवा.